जिऑलॉजी घेऊन डॉक्टर होता येतं का?

प्रश्न : न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या सांगलीच्या. मुलगी इथेच जन्मलेली, सध्या राज्याच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टर व्हायचं हे घरात पहिल्यापासून ठरलेलं. आता सेमिस्टर संपेपर्यंत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायचा आहे आणि घरात रोज जेवताना वाद होतात. आईचं म्हणणं, मेडिकलला जायचं तर बायोलॉजीच हवं. बाबांना बायोमेडिकल इंजिनिअरिंग हवं आहे, म्हणजे मेडिकल नाहीच मिळालं तर हातात काहीतरी असेल. आणि मुलीने मागच्या आठवड्यात सांगून टाकलं की ती जिऑलॉजी घेणार. एक सक्तीचा कोर्स पूर्ण करायला म्हणून तो विषय घेतला होता, तो आवडला. बाकी सगळ्या विषयांत तिला ए आहे, पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात सी प्लस मिळाला, म्हणून ती विज्ञानापासून पळते आहे अशी आईंना शंका आहे. तिची मिरजेची मामेबहीण त्याच वयाची, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सांगलीचा मामा सर्जन आहे, स्वतःचं हॉस्पिटल आहे. उन्हाळ्यात मुलीला अनुभवासाठी तिकडे पाठवावं का, हाही प्रश्न आहे. शेवटी त्या विचारतात : ‘ताई, दगडधोंडे शिकून कोणी डॉक्टर होतं का? तिला कसं समजवायचं?’

उत्तर :

शेवटून सुरुवात करते. हो, होता येतं. तुमची मुलगी जिऑलॉजी, संगीत किंवा संस्कृत यांपैकी काहीही घेऊन इथल्या मेडिकल स्कूलला अर्ज करू शकते. बहुतेक कॉलेजं पदवीचा विषय ठरवून देत नाहीत. काही कोर्स झालेले असावेत एवढं मागतात : बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स, साधारण वर्ष-वर्षभर आणि प्रयोगशाळेसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री, थोडं स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी लेखन. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी सायकॉलॉजी आणि सोशिऑलॉजीची ओळख लागते. हे सगळं कुठल्याही मेजरच्या जोडीला बसतं. काहींमध्ये सहज, काहींमध्ये ओढाताण करून.

तुमचं पत्र वाचताना मला आपला अकरावीचा फॉर्म आठवला. पीसीबी घेतलं तर मेडिकल, पीसीएम घेतलं तर इंजिनिअरिंग, आणि दोन्ही दारं उघडी ठेवायची तर चारही विषय. त्या फॉर्मवरची एक खूण पुढचं आयुष्य ठरवायची, म्हणून आपण आणि आपल्या आईवडिलांनी त्या खुणेची धास्ती घेतली, आणि ती योग्यच होती. इथला मेजर मात्र तशी खूण नाही. बायोलॉजी घेतल्याने मेडिकलच्या रांगेत कोणी पुढे जात नाही, आणि जिऑलॉजी घेतल्याने रांगेतून बाहेरही पडत नाही.

इथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल, असं का, हा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात. पूर्वी तसं नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये तुमच्या शेजारच्या फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, त्यांच्याकडे कुठलीही आधीची पदवी नव्हती आणि कॉलेजने ती मागितलीही नाही. 1893 मध्ये जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल सुरू झालं, त्याने पदवीची अट घातली. 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा मेडिकल कॉलेजांच्या दर्जाबद्दलचा अहवाल आला, निकृष्ट मेडिकल कॉलेजं बंद पडत गेली आणि जीवशास्त्र, रसायन, पदार्थविज्ञानाचा पाया मागणं सगळीकडे रुळलं. तेव्हापासून मागणी पायाची आहे. त्यावर इमला कुठला चढवायचा ते मुलांवर सोडलेलं आहे.

आकडे हवे असतील तर तेही देते. एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी अर्जदारांचे तक्ते जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत साधारण 52 हजार जण एमडीसाठी (इथे डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अर्ज करतात आणि 23 हजारांच्या आसपास प्रवेश घेतात. अर्जदारांपैकी निम्म्याहून जास्त जीवशास्त्राच्या शाखांतले असतात, आणि प्रवेश मिळणाऱ्यांतही निम्म्याहून जास्त तेच. म्हणजे बायोलॉजीवाले डॉक्टर जास्त दिसतात, कारण अर्ज करणारेच तेवढे असतात. इतिहास-साहित्यवाल्यांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण उलट थोडं जास्तच असतं. पण यावरून लगेच इतिहास घ्यायला धावू नये; ती मोजकी आणि स्वतःहून तो रस्ता निवडलेली मुलं असतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने तर 1987 पासून अशा काही मुलांना ऑरगॅनिक, फिजिक्स आणि एमकॅटशिवाय घेऊन पाहिलं. 2010 मध्ये त्यांचा हिशोब प्रसिद्ध झाला, तेव्हा ती मुलं वर्गातल्या बाकीच्यांच्या बरोबरीने चालली होती.

आता बाबांच्या मुद्द्याकडे. ‘हातात काहीतरी असावं’ ही चिंता मला पूर्ण मान्य आहे. अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना त्या वर्षी प्रवेश मिळत नाही, तेव्हा दुसरा रस्ता हवाच. फक्त तो बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा आहे का, हे तपासून बघा. इंजिनिअरिंगचे कोर्स पहिल्या सेमिस्टरपासून एकाला एक जोडलेले असतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिकडे वळलं तर एक वर्ष वाढण्याची शक्यता मोठी. त्या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या मास्टर्स मागतात. आणि ज्या विषयाचं नाव मुलीने एकदाही घेतलेलं नाही, त्यातल्या अवघड कोर्सेसमध्ये तिला ए मिळेल हे कशावरून? मुलीला यंत्रं उघडून बघायचा नाद असता तर मी स्वतः म्हटलं असतं, जाऊ द्या तिला.

गंमत अशी की नोकरीच्याच दृष्टीने बघायचं तर तुम्ही जिऑलॉजीला अगदी योग्य राज्यात राहता. केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीतल्या, म्हणजे अतिप्रदूषित ठरवलेल्या जागा सगळ्यात जास्त न्यू जर्सीत आहेत, शंभराहून अधिक. 2009 च्या कायद्याने अशा दूषित जागांच्या सफाईवर देखरेख करायला परवानाधारक तज्ज्ञ नेमायची पद्धत तिथे सुरू झाली, आणि त्या कामात भूजल जाणणारी माणसं लागतात. न्यू जर्सीतल्याच टॉम्स रिव्हर गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. रसायनं जमिनीत मुरली, विहिरींच्या पाण्यात उतरली, आणि लहान मुलांमधल्या कर्करोगाची वर्षानुवर्षं चौकशी चालली. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडं धरली, तो प्रश्नही खडकापासूनच सुरू होतो. पाणी जमिनीखाली कसं वाहतं हे कळणारी डॉक्टर मला तरी चालेल.

पण जिऑलॉजीची बाजू घेऊन तिची किंमत लपवणं बरोबर नाही. ती किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते, आणि मुलीला ती कुणी सांगितली असेल असं पत्रावरून वाटत नाही.

पहिली, गुणांची. एमडीचा अर्ज एएमसीएएस या सामाईक यंत्रणेतून जातो. तिथे एकूण जीपीए (गुणांची सरासरी) तर निघतोच, पण बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित एवढ्या चारच विषयांचा वेगळा जीपीएही काढतात. त्याला सगळे बीसीपीएम म्हणतात. न्यूरोसायन्स आणि स्टॅटिस्टिक्स त्यात धरतात. जिऑलॉजी धरत नाहीत, आणि इंजिनिअरिंगही नाही. आता तुमच्या मुलीचा हिशोब मांडू. दोन वर्षांची 60 क्रेडिटं, त्यातली ऑरगॅनिकची 4 सी प्लस, बाकी सगळी ए. तिथे एचे 4 आणि सी प्लसचे 2.3 धरतात, म्हणजे एकूण जीपीए 3.89 येतो. प्रवेश मिळालेल्या मुलांची सरासरी 3.8 च्या आसपास असते, तेव्हा ‘सगळं संपलं’ असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. पण बीसीपीएमची क्रेडिटं समजा 24 च झाली असतील, तर तोच सी प्लस तिथे 3.72 पर्यंत खाली ओढतो. बायोलॉजी घेतलं तर पुढच्या दोन वर्षांत या खात्यात भरपूर क्रेडिटं पडतील आणि सी प्लस पातळ होईल. जिऑलॉजी घेतलं तर खातं लहान राहील आणि तो डाग गडद दिसेल. बायोलॉजीच्या बाजूने हा खरा, वजनदार मुद्दा आहे. तुमच्या मुद्द्यापेक्षा वेगळा, पण आहे.

यावर तोड आहे. जिऑलॉजी मेजर ठेवून जेनेटिक्स, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी असे दोन-तीन वरचे कोर्स निवडीचे विषय म्हणून घ्यायचे. कित्येक ठिकाणी एवढ्यात बायोलॉजीचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, जवळपास होतो.

दुसरी किंमत उन्हाळ्याची. जिऑलॉजीच्या बीएसला बहुधा फील्ड कॅम्प लागतो : तिसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत सहाएक आठवडे डोंगरात, हातात होकायंत्र आणि हातोडी, रात्री तंबूत बसून नकाशे रंगवायचे. मजा येते म्हणतात. पण पदवीनंतर लगेच मेडिकलला जायचं असेल तर अर्ज नेमका त्याच उन्हाळ्यात भरायचा असतो. जूनच्या सुमाराला मुख्य अर्ज, आणि जुलैपासून एकेका कॉलेजचे पुरवणी अर्ज येऊन पडतात, प्रत्येकात दोन-चार निबंध, आणि साधारण दोन आठवड्यांत परत गेले तर बरं. मोबाइलला रेंज नसलेल्या दरीत हे होणार नाही. तेव्हा एक तर फील्ड कॅम्प नसलेली बीए पदवी बघायची, किंवा मेडिकलचा अर्ज एक वर्ष पुढे ढकलायचा. हे विभागात आत्ताच विचारायला हवं, तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात नव्हे.

वर्ष पुढे ढकलणं ऐकून दचकू नका. इथलं गॅप इयर म्हणजे बारावीनंतर नीटसाठी घेतलेला ड्रॉप नाही. आज इथे मेडिकलला जाणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त मुलं मध्ये किमान एक वर्ष घेतात. कोणी लॅबमध्ये काम करतं, कोणी डॉक्टरांच्या हाताखाली नोंदी टाइप करणारा स्क्राइब होतं, कोणी रुग्णवाहिकेवर. आणि मिरजेच्या भाचीशी तुलना तर सोडूनच द्या. ती बारावीनंतर साडेपाच वर्षांत, इंटर्नशिप धरून, एमबीबीएस होईल. तुमची मुलगी चार अधिक चार, वर रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची, तीन ते सात. दोघी वेगळ्या गाड्यांत बसल्या आहेत, कोण कुठल्या स्टेशनवर पोचली हे मोजून हाती काय लागणार?

सी प्लसबद्दल अजून थोडं. तो कोर्स पुन्हा घ्यावा असं कोणीतरी सुचवेलच. एएमसीएएस दोन्ही वेळचे गुण मोजतं, जुना पुसला जात नाही. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जातही पूर्वी नवा गुण जुन्याची जागा घ्यायचा, ते 2017 पासून बंद झालं. सी किंवा वर असलं की बहुतेक ठिकाणी अट पूर्ण होते. त्यापेक्षा आत्ता चालू असलेल्या दुसऱ्या भागात आणि पुढे बायोकेमिस्ट्रीत चांगले गुण मिळवणं जास्त बोलकं ठरतं. एमकॅटमध्येही तेच : रसायन-भौतिकीच्या विभागात ऑरगॅनिक साधारण 15 टक्के आणि जीवशास्त्राच्या विभागात 5 टक्के, तर बायोकेमिस्ट्री दोन्हीकडे 25 टक्के. चारपैकी एक विभाग तर निव्वळ उतारे वाचून उत्तरं द्यायचा आहे, त्याला विज्ञान लागतच नाही.

पुढचा परिच्छेद मुलीला वाचायला द्या.

तुला दगड आवडले, याचा मला आनंद आहे. पण एक तपासून बघ. एका प्रास्ताविक कोर्सवर मेजर ठरवू नकोस. तो कोर्स बहुतेकदा सहलीसारखा असतो, पुढे मिनरॉलॉजी येते, स्ट्रक्चरल जिऑलॉजी येते. त्या वर्गात एकदा जाऊन बस. आणि ऑरगॅनिकमध्ये नक्की काय झालं ते कागदावर लिहून काढ. पाठांतर करत होतीस आणि परीक्षेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाण काढायला सांगितले, असं झालं का? तसं असेल तर अभ्यासाची पद्धत बदलली की गुण बदलतात. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जा, प्रश्न सोडवून ने. पण ऑरगॅनिक नको वाटलं म्हणून जिऑलॉजी गोड लागतंय, असं असेल तर तेही स्वतःशी कबूल कर. आणि डॉक्टर व्हायचंय ते तुला का? घरात ठरलेलं होतं, हे उत्तर मुलाखतीत चालत नाही आणि रात्रपाळीतही चालत नाही. जवळच्या हॉस्पिटलमध्ये, हॉस्पिसमध्ये (शेवटच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करतात तिथे) किंवा रुग्णवाहिका चालवणाऱ्या रेस्क्यू स्क्वाडमध्ये नियमित काम सुरू कर. आजारी, चिडलेल्या, घाबरलेल्या माणसांच्या आसपास तुला बरं वाटतं की नाही, हे कुठलाही मेजर सांगणार नाही.

आता पुन्हा तुमच्याकडे. तिने ‘नाही’ असं उत्तर दिलं तर? पत्रात ती शक्यता कुठेच दिसली नाही. तुम्ही ती धरून ठेवा, एवढंच म्हणते. त्या वेळी तिच्याकडे आवडीच्या विषयाची पदवी असेल, तर नावडतीपेक्षा बरीच.

माझा कल विचाराल तर असा : ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागाचा निकाल मे मध्ये लागेल. तोवर जिऑलॉजीचा बीए जाहीर करायला हरकत नाही. मेजर नंतर बदलता येतो, फॉर्म भरायला लागतो इतकंच. तिसऱ्या वर्षी फिजिक्सचे दोन्ही भाग आणि बायोकेमिस्ट्री, जोडीला बायोलॉजीचा एकेक वरचा कोर्स. जिऑलॉजीचे विभाग सहसा लहान असतात, प्राध्यापक मुलांना नावाने ओळखतात, आणि शिफारसपत्राच्या वेळी याचं मोल कळतं. तीनशे जणांच्या हॉलमध्ये सातव्या रांगेत बसलेल्या मुलीबद्दल बायोलॉजीचे प्राध्यापक काय लिहिणार? फक्त, बरीच कॉलेजं विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं मागतात आणि काहींच्या लेखी विज्ञान म्हणजे ते चारच विषय. एएएमसीची एमसार नावाची ऑनलाइन सेवा आहे, थोडे पैसे भरावे लागतात. तिथून आवडत्या दहा-बारा कॉलेजांच्या अटी एका तक्त्यात उतरवून घ्या. मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांना कॉलेजात सल्ला देणाऱ्या प्रीमेड ॲडव्हायझरकडे मुलीने एकटीने जावं. तुम्ही पार्किंगमध्येही थांबू नका.

डबल मेजर, जास्तीचं सेमिस्टर यांच्या मोहात पडण्याआधी पैशाचा विचार करा. 1 जुलै 2026 पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना सरकारचं ग्रॅड प्लस कर्ज मिळत नाही. मेडिकलसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख डॉलर. कित्येक खासगी मेडिकल स्कूलची नुसती फीच वर्षाला 60 हजारांवर आहे. पदवीच्या वेळी वाचवलेलं एक सेमिस्टर तिकडे उपयोगी पडेल.

हे वाचणाऱ्या एच-4 वरच्या (एच-1बी नोकरदारांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) घरांसाठी : तुमचं गणित वेगळं आहे. मुलं 21 ची झाली की ते स्टेटस संपतं, बहुतेक एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जातात, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांना घेणारी मेडिकल स्कूल थोडीच आहेत. त्यांतली काही फीची तरतूद आगाऊ दाखवायला सांगतात. सरकारी कर्जही नाही. तिथे मेजरला खरंच महत्त्व येतं, पण मेडिकलसाठी नव्हे, तर पदवीनंतर ओपीटीच्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर नोकरी करण्याच्या परवानगीच्या, 12 महिन्यांवर आणखी 24 महिने मिळावेत म्हणून. आपल्या पदवीचा कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत आहे ना, हे कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात विचारून मगच सही करा.

राहिला सांगलीचा मामा. जरूर पाठवा, ओपीडीत बसू दे, मराठीत रुग्णांशी बोलू दे, त्याचा फायदाच आहे. मात्र अर्जात मुख्य अनुभव इथल्या दवाखान्यातला दिसावा, कारण तिला काम इथे करायचं आहे. आणि मामाला आधीच फोन करून सांगा. आपल्याकडे घरचं पोर म्हणून प्रेमाने ‘ये, हा टाका तू घाल’ असं सहज म्हणतात. शिक्षण न झालेल्या विद्यार्थ्याने परदेशात असं काही करू नये, अशा एएएमसीच्या स्पष्ट सूचना आहेत, आणि मुलांनी ते अर्जात अभिमानाने लिहिलं की निवड समितीच्या कपाळावर आठ्या पडतात. शिवाय तो टाका ज्याला पडतो त्याला कोणी विचारलेलं नसतं. तिने हात मागे ठेवून उभं राहावं, बघावं, रात्री वहीत लिहावं. रुग्णाचं नाव नको, फोटो तर मुळीच नको.